वय नेमकं कशाचं, तेही सांगा

प्रति,
प्रागैतिहासिक स्थळांचं उत्खनन करणारे, त्यांचं कालमापन करणारे आणि त्यांची वयं जगाला सांगणारे सर्व अभ्यासक

स. न. वि. वि.

उत्खननाच्या खड्ड्यात नोंदवही घेऊन मी बरीच वर्षं काढली आहेत. थरांचे छेद, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीत दिसणारी थरांची रचना, कागदावर उतरवणं, सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा तिन्ही बाजूंनी मोजणं, नमुन्यांच्या पिशव्यांना चिठ्ठ्या लावणं, हे माझं काम. प्रयोगशाळेतली यंत्रं मी चालवलेली नाहीत. पण त्या यंत्रांपर्यंत पोचणारी माती कुठून आणि कशी निघते, हे मी फार जवळून पाहिलं आहे. हे सगळं मला तुमच्यापैकीच काहींनी शिकवलं, त्यामुळे हे पत्र घरातल्या माणसाचं समजून वाचावं ही विनंती.

पत्राला कारण झालंय ते एक वाक्य. ‘या ठिकाणी अमुक लाख वर्षांपूर्वी माणसाची वस्ती होती.’ बातमीत, संग्रहालयातल्या फलकावर, शाळेच्या पुस्तकात ते याच साच्यात येतं. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मोजलं आणि आकडा मिळाला. खरं तर या एका वाक्यात तीन वेगळे दावे आहेत. कशाचं तरी वय इतकं आहे, हा पहिला. ते जे काही आहे त्याचा माणसाच्या कृतीशी संबंध आहे, हा दुसरा. आणि ती कृती म्हणजे वस्ती, हा तिसरा. यंत्र फक्त पहिल्याचं उत्तर देतं. उरलेले दोन खड्ड्यात ठरतात, छेदाच्या भिंतीकडे बघून, आणि ते बरोबर ठरले की चूक हे तपासण्याचं साधन वाचकाच्या हाती आपण क्वचितच देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आकडा छापाल तिथे तो कशाचा आहे हेही छापा, आणि त्यावरून माणसापर्यंत कसे पोचलात तेही.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठचं बोरी तुम्हाला सांगायला नको. नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आणि त्याच्या आसपासच्या गोट्यांच्या थरांत अश्यूलियन पद्धतीच्या, म्हणजे पुराश्मयुगाच्या आरंभीच्या काळातल्या, दगडी हातकुऱ्हाडी. दख्खनच्या पठारावर अशी राख मिळणं म्हणजे अभ्यासकांसाठी लॉटरीच होती, कारण राखेचं वय मोजता येतं आणि दगडी अवजाराचं सहसा येत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने या राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं म्हणून प्रसिद्ध झालं. १९९५ साली आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजार आलं. त्याच दशकात राखेतल्या काचेच्या कणांचं रासायनिक पृथक्करण करणाऱ्यांनी सांगितलं, की ही सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महाउद्रेकाची राख आहे, म्हणजे वय साधारण ७५ हजार वर्षं. वाद अजून पुरता मिटलेला नाही. जुन्या वयाची बाजू आजही मांडली जाते.

१४ लाख, पावणेसात लाख, पाऊण लाख. एकच थर. बाहेरचा माणूस हे ऐकून म्हणतो, म्हणजे यांना काहीच कळत नाही. मला हे फार लागतं, कारण इथे उलटंच घडलेलं आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी आधीच्यापेक्षा बारीक प्रश्न विचारला. पहिल्या दोन्ही पद्धती आर्गॉन वायू मोजतात, आणि राखेत जुन्या खडकाचे कण मिसळलेले असतील तर त्यांचा आर्गॉनही मोजणीत येतो. ज्या प्रदेशातला खडकच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट आहे, तिथे नदीने वाहून आणलेल्या राखेत थोडी भेसळ झाली तरी वय लाखांनी वाढतं. काचेचा कण मात्र उद्रेकात तयार होतो आणि त्याच्या रसायनावर त्या ज्वालामुखीची ओळख उमटलेली असते. म्हणजे वाद यंत्राच्या अचूकतेचा नव्हताच. चिमटीत नेमकं काय धरलं होतं, हा वाद होता.

आणि समजा उद्या राखेचं वय सर्वांनी एकमुखाने मान्य केलं. तरी हातकुऱ्हाडीचं वय कुठे ठरलं? राखेखालच्या थरातली हातकुऱ्हाड राखेइतकी तरी जुनी, एवढंच म्हणता येतं. किती जुनी, ते राख सांगत नाही. राखेच्या वरच्या गोट्यांत मिळालेली हातकुऱ्हाड राखेनंतरची, असं तर मुळीच म्हणता येत नाही. पुराने वरच्या अंगाचा जुना काठ पोखरला, तिथली अवजारं उचलली आणि राखेवर आणून टाकली, हे नदीचं रोजचं काम आहे. राखेचा थरसुद्धा आकाशातून पडला तसाच पडून आहे की पाण्याने गोळा होऊन साचला आहे, हा प्रश्न वेगळाच. म्हणून अवजाराची धार बघायची. कड ताजी, कापरी असेल तर ते फार फिरलेलं नाही. कडा घोटून गोल झाल्या असतील तर ते नदीबरोबर प्रवास करून आलेलं आहे. हे पाहायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही, अंगठा लागतो. तरीही किती अहवालांत अवजारांची संख्या असते आणि त्यांपैकी घोटलेली किती, ताजी किती हे नसतं!

नमुना घेण्याचं काम वाचकांनी एकदा तरी पाहावं असं मला फार वाटतं. ल्युमिनेसन्स पद्धतीसाठी वाळूचे असे कण हवे असतात, ज्यांनी गाडले गेल्यापासून सूर्य पाहिलेला नाही. त्या पद्धतीचं सगळं गणित त्यावर उभं आहे. जमिनीतल्या किरणोत्सारामुळे कणात ऊर्जा साठत जाते, उन्हात ती रिकामी होते, आणि शेवटचं ऊन लागून किती काळ झाला ते साठलेल्या ऊर्जेवरून काढायचं. म्हणून आधी छेदाची उघडी भिंत खरवडून साफ करतात. मग फूटभर लांबीची धातूची नळी थरात आडवी ठोकतात. हातोड्याच्या प्रत्येक घावाबरोबर वरची माती भुरभुर खाली येत असते आणि सगळे श्वास धरून उभे असतात, कारण नळी तिरपी गेली तर शेजारच्या थरात घुसते. नळी गच्च भरली की भोवतालची माती कोरून ती बाहेर काढायची, दोन्ही तोंडं तत्काळ बंद करायची, वरून काळं प्लास्टिक गुंडाळायचं. प्रयोगशाळेत ती मंद तांबड्या उजेडात उघडतात आणि दोन्ही टोकांची, उजेड लागलेली माती बाजूला काढतात. शेजारची थोडी माती वेगळ्या पिशवीत बांधून घ्यायची, ओलावा मोजण्यासाठी. कारण मातीतलं पाणी किरणोत्सार अडवतं. गेल्या लाखभर वर्षांत हा थर सरासरी किती ओला होता, हे कुणालाही ठाऊक नसतं, ते गृहीत धरावं लागतं. थर जास्त ओला होता असं धरलं तर वय वाढतं, कोरडा होता असं धरलं तर घटतं.

आता सांगा, ‘अधिक-उणे’ या चिन्हामागे एवढं सगळं असताना बातमीत ते चिन्हच गळून पडलं तर काय उरतं? तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमचं उदाहरण घ्या. मध्य पुराश्मयुगाच्या, म्हणजे अश्यूलियननंतरच्या दगडी अवजारांच्या काळाच्या, सुरुवातीच्या तिथल्या थराचं वय २०१८ साली ३ लाख ८५ हजार अधिक-उणे ६४ हजार वर्षं असं प्रसिद्ध झालं. याचा सरळ अर्थ, खरं वय ३ लाख २१ हजार ते ४ लाख ४९ हजार यांच्या दरम्यान असण्याची शक्यता साधारण तीनांत दोन. सव्वा लाखाहून मोठा पल्ला आहे हा. सर्वसामान्यांच्या तोंडी राहिलं ते फक्त ‘३ लाख ८५ हजार’. अभ्यासकांनी लिहिताना पूर्ण लिहिलं होतं. आपण ते पुढे पोचवताना कापलं.

अत्तिरंपक्कमचा उल्लेख मी कौतुकानेही करते आहे. तिथल्या खालच्या, अश्यूलियन थरांसाठी पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली जे मांडलं ते मला नमुनेदार वाटतं. क्वार्ट्झमध्ये वैश्विक किरणांमुळे ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० तयार होतात. दगड खोल गाडला गेला की ते तयार होणं थांबतं आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगाने घटत जातात. त्यांच्या प्रमाणावरून गाडलं गेल्याचा काळ निघतो. इथे मोजणी शेजारच्या मातीवर न करता थेट अवजारांच्या दगडावर केली. त्याशिवाय गाळात गोठलेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा तपासली, तर ती आजच्या उलट निघाली, म्हणजे थर ७ लाख ८० हजार वर्षांच्या अलीकडचा असूच शकत नाही. एकमेकींशी काही देणंघेणं नसलेल्या दोन साक्षी मिळाल्या. मग वय आलं सरासरी १५ लाख आणि किमान १० लाख ७० हजार. या दोन आकड्यांतला ‘सरासरी’ आणि ‘किमान’ हा फरक त्यांनी सोडला नाही. हेच मी सगळ्यांकडे मागते आहे.

कार्बन-१४चं तर आपल्या लोकांना इतकं नाव माहीत झालंय की कुठल्याही जुन्या वस्तूचं ‘कार्बन डेटिंग करा’ म्हणतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचं. पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे त्यात मोजण्यासारखं काही उरत नाही. शिवाय ते फक्त कधीकाळी जिवंत असलेल्या पदार्थाचं वय सांगतं. एक हिशेब मला नेहमी अस्वस्थ करतो. लाख वर्षांपूर्वीच्या कोळशात फक्त एक टक्का आजचा कार्बन मिसळला, एखाद्या मुळाचा धागा म्हणा, झिरपलेल्या पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य म्हणा, तर यंत्र वय सांगेल सुमारे ३७ हजार वर्षं. यंत्र खोटं बोललेलं नसतं. त्याला दिलेल्या मिश्रणाचं वय त्याने चोख सांगितलेलं असतं. आणि कोळसा निर्मळ असला तरी तो झाडाच्या लाकडाचं वय सांगतो, चुलीचं नाही. शेकडो वर्षं जगलेल्या झाडाचा गाभा जाळला असेल तर चूल कोळशापेक्षा तेवढ्या वर्षांनी अलीकडची.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्सला माणसांच्या पावलांचे ठसे मिळाले. ते २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे असल्याचं २०२१ साली मांडलं गेलं, तेव्हा गदारोळ झाला, कारण अमेरिका खंडांत माणूस इतक्या लवकर पोचल्याचं फार थोडे मानत. आक्षेप ठशांवर नव्हता. पाऊल माणसाचं, यात कुणालाच शंका नव्हती. वय मोजलं होतं ते ठशांच्या थरांतल्या एका पाणवनस्पतीच्या बियांवर. पाणवनस्पती कार्बन घेते पाण्यातून, आणि पाण्यात खडकांतून विरघळलेला फार जुना कार्बन असू शकतो. तसं असेल तर बी कालची असूनही हजारो वर्षांची दिसते. किती रास्त आक्षेप! तो घेणाऱ्यांना कुणी शत्रू मानलं नाही. मूळ चमूतले अभ्यासक परत गेले, त्याच थरांतून जमिनीवर वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडांचे परागकण वेचले, कारण ही झाडं हवेतून कार्बन घेतात. जोडीला क्वार्ट्झच्या कणांचं ल्युमिनेसन्सने वय काढलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेली ही दोन्ही उत्तरं पहिल्या वयाशी जुळली. तिथे आज ते वय भक्कम उभं आहे त्याचं बरंचसं श्रेय मी आक्षेप घेणाऱ्यांनाही देते.

मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचं उलट झालं. १९६१ साली खाणकामगारांना तिथे कवटी मिळाली. तिचं वय प्रथम सुमारे ४० हजार वर्षं धरलं गेलं. २०१७ साली ते तीन लाखांच्या घरात गेलं आणि आपल्या प्रजातीच्या माणसाची गोष्टच मागे सरकली. मोजलं काय? विस्तवात तापलेले गारगोटीचे तुकडे. दगड तापला की त्यातली साठलेली ऊर्जा निघून जाते आणि घड्याळ शून्यावर येतं. म्हणजे मोजला गेला तो विस्तव. माणसांच्या हाडांच्या थरातलाच विस्तव असल्यामुळे दुसरा दावा पहिल्याला खेटून उभा राहिला. इतकी जवळीक दर वेळी मिळत नाही, हे मान्य. पण मिळाली नसेल तेव्हा किती लांबून हात पुरवलाय हे सांगायला काय हरकत आहे?

कारण जमीन स्वस्थ बसत नाही. चिकणमातीच्या थराला उन्हाळ्यात भेगा पडतात, हात जाईल एवढ्या रुंद. वरच्या थरातला छिलका, म्हणजे अवजार घडवताना दगडातून निघालेला तुकडा, त्यांतून खाली उतरतो, पाऊस पडतो, भेग मिटते. पुढल्या वर्षी खणणाऱ्याला तो छिलका खालच्या थरात ‘सापडतो’. उंदीर बिळं करतात, वाळवी माती वर-खाली करते, झाड उन्मळून पडलं की मुळांबरोबर दोन-तीन थर ढवळून निघतात. फ्रान्समधल्या नीस शहरातलं तेरा अमाटा हे स्थळ १९६६ साली उत्खनन झाल्यावर फार गाजलं. लाखो वर्षांपूर्वीच्या झोपड्या, एकेका मोसमाचा एकेक मुक्काम, असं चित्र उभं राहिलं. पुढे पुरातत्त्वज्ञ पाओला व्हिला यांनी तिथले दगडी तुकडे एकमेकांना जोडून पाहिले. एकाच दगडातून फुटलेले, एकमेकांत चपखल बसणारे तुकडे वेगवेगळ्या थरांतून आलेले निघाले. एका बैठकीत फोडलेल्या दगडाचे तुकडे जर थराथरांत विखुरलेले असतील तर थर वेगळ्या मुक्कामांचे कसे म्हणायचे? झोपड्यांचं चित्र डळमळलं. तुकडे जोडून पाहणं हे अतिशय कंटाळवाणं काम आहे, टेबलावर महिनोन्महिने चालणारं. मी थोडंफार केलं आहे. पण एखादा तुकडा दुसऱ्याला ‘टक्’ करून बसतो तेव्हा जी खात्री मिळते ती दुसऱ्या कशानेच मिळत नाही. या कामाला निधीच्या अर्जात जागा ठेवा, एवढं मला कळकळीने सांगायचं आहे.

इथे मला माझं एक दुखणं सांगायलाच हवं. एका उत्खननात, नाव सांगत नाही, एका थरातून कोळशाचे तीन नमुने प्रयोगशाळेत गेले. त्या थराचा छेद मी काढला होता. त्यात एक उंदराचं बीळ होतं, वरच्या थरातून तिरपं खाली आलेलं, आतली माती किंचित काळसर आणि भुसभुशीत. मी ते आखलं, बाजूला लिहिलं. तीनपैकी दोन नमुन्यांची वयं अपेक्षेप्रमाणे आली. तिसऱ्याचं फारच अलीकडचं आलं. अहवाल छापून आला तेव्हा त्यात दोनच वयं होती. तिसऱ्याचा उल्लेख नव्हता. आणि माझ्या छेदातलं बीळ छापील आकृतीत नव्हतं. आकृती स्वच्छ दिसावी म्हणून काढलं, असं मला सांगण्यात आलं. त्यामागे कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. कदाचित तिसरा कोळसा खरंच बिळातून आला असेल आणि दोन वयं बरोबर असतील. पण हे ठरवण्यासाठी लागणारा पुरावाच, तिसरं वय आणि ते बीळ, दोन्ही आपण पुसून टाकलं. आज कुणी त्या स्थळावर शंका घेतली तर उत्तर देण्याचं साधन आपल्याकडे उरलेलं नाही. मी तेव्हा गप्प बसले. ते मला अजून टोचतं.

आता तिसरा दावा. त्याआधी ‘माणसाने केलं का’ हा प्रश्न येतो. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ १९९२ साली रस्त्याच्या कामात मॅस्टोडॉनची, म्हणजे हत्तीसारख्या एका नामशेष प्राण्याची, हाडं मिळाली. २०१७ साली त्यांचं वय १ लाख ३० हजार वर्षं म्हणून जाहीर झालं. युरेनियम-थोरियम पद्धतीने थेट हाडांवर मोजलेलं वय, आणि त्या आकड्यावर फारशी कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती ही हाडं माणसाने दगडांनी फोडली या म्हणण्यावर. गाडलेल्या हाडांवरून जड यंत्रं गेली असतील तर? वय कितीही पक्कं असलं तरी या प्रश्नाला ते उत्तर देत नाही. ब्राझीलमधल्या सेरा दा कापिवारा उद्यानात तर अभ्यासकांनी कापुचिन माकडं दगडावर दगड आपटताना पाहिली. फुटून पडलेले छिलके माणसाने मुद्दाम काढलेल्या छिलक्यांसारखे दिसतात. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. त्याच उद्यानातल्या पेद्रा फुराडाच्या फार जुन्या ‘अवजारां’विषयी आधीपासून शंका होतीच, की कड्यावरून कोसळून फुटलेले गोटे तर नव्हेत? आता तिच्यात माकडांची भर पडली.

आणि हे ओलांडलं, तरी ‘वस्ती’ हा शब्द किती सहज वापरतो आपण! दहा हातकुऱ्हाडी मिळाल्या की वस्ती. कर्नाटकातल्या हुणसगी खोऱ्यातलं इसामपूर पाहा. तिथे चुनखडीच्या लाद्या जमिनीतून उचकटून जागेवरच अवजारं घडवली जात. गाभे (ज्यांतून छिलके काढले ते मूळ दगड), छिलके, बारीक कपच्या, अर्धवट सोडलेली कामं, सगळं एकाच ठिकाणी पडलेलं. याला अभ्यासकांनी खाण आणि कार्यशाळा म्हटलं, कारण पुरावा तेवढंच आणि तसंच सांगत होता. त्याचं वय, सुमारे १२ लाख ७० हजार वर्षं, तिथे मिळालेल्या प्राण्यांच्या दातांच्या इनॅमलवरून निघालं. दाताने जमिनीतलं युरेनियम केव्हा आणि कसं शोषलं याचं गृहीतक त्यात धरावं लागतं. अवजार घडवण्याची जागा, शिकार कापण्याची जागा, एक रात्र थांबण्याची जागा, पुराने आणून टाकलेला ढीग आणि पुन्हा पुन्हा परतून येण्याची जागा या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांना ‘वस्ती’ म्हटल्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे झोपड्या आणि चुली उभ्या राहतात. त्या तिथे मिळालेल्या असतील तर जरूर म्हणा.

हे सैल सोडलं की काय होतं ते इंडोनेशियातल्या गुनुंग पडांगने दाखवलं. टेकडीच्या आतला भाग पंचवीस हजार वर्षांहून जुनं मानवी बांधकाम असल्याचा लेख २०२३ साली एका संशोधन-पत्रिकेत आला. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी पत्रिकेने लेख मागे घेतला. कारण साधं होतं. कार्बन-१४ने वय काढलं होतं मातीचं, आणि त्या मातीबरोबर माणसाच्या हाताची एकही खूण नव्हती. माती जुनी होतीच, कुठल्याही टेकडीत खोल खणलं तर जुनी माती मिळणारच. लेख मागे घेतल्याची बातमी मात्र मूळ बातमी वाचलेल्यांपैकी किती जणांपर्यंत गेली असेल?

म्हणून माझं मागणं अगदी कामाचं आहे. वय जाहीर करताना मोजलेल्या पदार्थाचं नाव त्याच वाक्यात येऊ द्या: ‘राखेचं वय’, ‘बीचं वय’, ‘वाळूला शेवटचं ऊन लागल्याचं वय’. फलकावर जागा नसते ही सबब मला पटत नाही. दोन शब्दांची जागा प्रत्येक फलकावर असते. न जुळणारी वयंही छापा आणि ती का बाजूला ठेवलीत ते लिहा. पाठ्यपुस्तकात एखादं वय बदललं तर आधीचं काय होतं आणि का बदललं तेही दोन ओळींत येऊ द्या. बोरीच्या तीन आकड्यांतून मुलं जेवढं विज्ञान शिकतील तेवढं एका आकड्यातून शिकणार नाहीत. राखीव नमुने जपून ठेवा. आज मोजता न येणारं उद्या मोजता येईल, तेव्हा कुणाला तरी तीच पिशवी लागणार आहे, आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचता येईल अशी हवी.

आणि स्थळ संपूर्ण खणून टाकू नका. एक भिंत शिल्लक ठेवा. उत्खनन म्हणजे पुरावा वाचता वाचता फाडत जाणं आहे, एकदा खणलेला थर पुन्हा लावता येत नाही. व्हाइट सँड्सला परत जाऊन परागकण वेचता आले, कारण वेचायला थर जागेवर होता. वाळूउपसा, रस्ते, धरणं यांनी नदीकाठचे छेद झपाट्याने जात आहेत. अशात जी भिंत आपल्या हातात आहे ती तरी आपण पुढच्यांसाठी सोडावी.

येत्या मोसमात मी पुन्हा खड्ड्यात असेन. छेद काढताना बिळं, मुळं, भेगा, जे दिसेल ते सगळं आखीन. ते छापताना पुसू नका, एवढं वचन मला तुमच्याकडून हवं आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
उत्खननाच्या नोंदी ठेवणारी एक सहकारी